कांद्याच्या मुळाग्रातील पेशीविभाजन (शालेय प्रयोग)

कांद्याच्या मुळाग्रातील पेशीविभाजनाचा अभ्यास हा पेशीचक्र आणि सूत्री विभाजन हे विषय शिकवताना उच्च माध्यमिक व महाविद्यालयीन स्तरांवर केला जाणारा प्रचलित प्रयोग होय. कांद्याला फुटलेल्या कोवळ्या मुळाचे टोक रंगवून, काचपट्टीवर चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता विभाजनाच्या निरनिराळ्या अवस्थांतील पेशी एकाच दृष्टिक्षेत्रात आढळतात. साधने स्वस्त असतात, कांदा बाराही महिने मिळतो आणि त्याची गुणसूत्रे आकाराने मोठी असल्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकातूनही ती स्पष्ट दिसतात. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात. माणसाच्या ४६ गुणसूत्रांपेक्षा हा आकडा लहान असला, तरी कांद्याच्या जनुकसंचातील डीएनए माणसाच्या सुमारे पाचपट आहे. एवढा डीएनए थोड्याच गुणसूत्रांत विभागला गेल्यामुळे प्रत्येक गुणसूत्र ठसठशीत होते.

या प्रयोगाचा उद्देश बहुधा 'अवस्था ओळखणे' एवढाच सांगितला जातो. प्रत्यक्षात त्याचे महत्त्व अधिक आहे. पेशीविभाजन ही काळात घडणारी अखंड क्रिया असून पाठ्यपुस्तकात मात्र ती चार स्थिर आकृत्यांच्या रूपाने भेटते. स्थिर चित्रांवरून काळाचा अंदाज बांधण्याची शालेय स्तरावर सहज जमणारी एक रीत या प्रयोगात आहे. ती म्हणजे पेशींची मोजणी. मोजणी गाळली, तर प्रयोग चित्रे जुळवण्याच्या खेळापुरता उरतो.

पूर्वपीठिका

विभाजनाच्या अवस्थांचा क्रम लावणे हा मुळात संशोधकांपुढचा प्रश्न होता. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडरच्या अळ्यांच्या पेशी रंगवून त्यांचे निरीक्षण केले. रंगवलेल्या पेशी मृत असल्याने कोणते दृश्य आधीचे आणि कोणते नंतरचे हे त्यांतून थेट कळत नव्हते. म्हणून फ्लेमिंग यांनी जिवंत पेशींतील घडामोडींशी ही दृश्ये ताडून पाहिली आणि क्रम निश्चित केला. त्यांचा ग्रंथ १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. या क्रियेला त्यांनी दिलेले नाव 'धागा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले असून मराठीतील 'सूत्री विभाजन' ही संज्ञा त्याच अर्थाला धरून आहे.

आज विद्यार्थी पाठ करतात ती अवस्थांची नावे एकाच वेळी पडलेली नाहीत. वनस्पतींच्या पेशींवर काम करणारे एदुआर्द स्ट्रासबुर्गर यांनी १८८४ मध्ये पहिल्या तीन अवस्थांच्या संज्ञा योजल्या. अंत्यावस्थेची संज्ञा मार्टिन हाइडेनहाइन यांनी १८९४ मध्ये दिली, तर 'क्रोमोसोम' म्हणजे गुणसूत्र हा शब्द वाल्डेयर यांनी १८८८ मध्ये वापरात आणला. एका सलग क्रियेचे वर्णनाच्या सोयीसाठी केलेले हे भाग आहेत. दोन अवस्थांच्या सीमारेषेवरील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली वारंवार दिसतात त्या यामुळेच.

विभाजनाच्या मधल्या काळाकडे मात्र दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. या काळात केंद्रकात काहीही हालचाल दिसत नसल्याने जुन्या पुस्तकांत त्याला 'विश्रांती अवस्था' म्हटले जाई. लंडनमध्ये आल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने ही समजूत मोडली. त्यांनी घेवड्याच्या कुळातील बाकला या वनस्पतीची मुळे किरणोत्सारी फॉस्फरस-३२ असलेल्या द्रावणात वाढवली आणि तो डीएनएत केव्हा सामावला जातो हे छायाचित्रण-पट्टीवरील ठशांवरून पाहिले. डीएनएची निर्मिती विभाजन चालू असताना होत नाही. आंतरावस्थेतील एका ठरावीक कालखंडातच ती होते आणि त्या कालखंडाच्या आधी व नंतर एकेक मध्यंतर असते, असे त्यांना आढळले. पाठ्यपुस्तकांतील जी-१, एस आणि जी-२ हे टप्पे येथून आले. त्याच वनस्पतीच्या मुळांवर हर्बर्ट टेलर आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये केलेल्या प्रयोगातून नव्या प्रत्येक गुणसूत्रात जुन्या डीएनएचा अर्धा वाटा उतरतो हे दिसून आले. पेशीचक्राच्या ज्ञानातील हे दोन मोठे टप्पे वनस्पतीच्या मुळाग्रावरच गाठले गेले, ही गोष्ट वर्गात क्वचितच सांगितली जाते.

साहित्याची निवड

मूळ वाढते ते टोकाकडून. अगदी टोकावर मूलटोपी असते व तिच्या मागे एक-दोन मिलिमीटर लांबीचा विभाजी ऊतीचा पट्टा असतो. या पट्ट्यातील पेशी लहान, चौकोनी, पातळ भित्तिकेच्या आणि मोठ्या केंद्रकाच्या असतात. त्यामागील पेशी विभाजन थांबवून लांब होऊ लागतात. प्रयोग फसण्याचे सर्वांत सामान्य कारण येथेच असते. मुळाचा तुकडा लांब घेतला, की काचपट्टीवर लांबट पेशींची गर्दी होते आणि विभाजन पावणारी एकही पेशी सापडत नाही. टोकापासूनचे दोन ते तीन मिलिमीटर पुरेसे असतात.

कांदा निवडतानाही काळजी घ्यावी लागते. नुकताच काढलेला कांदा सुप्तावस्थेत असतो आणि त्याला मुळे फुटण्यास विलंब लागतो. साठवणुकीत कोंब येऊ नयेत म्हणून काही कांद्यावर गॅमा किरणांची प्रक्रिया केली जाते. भाभा अणुसंशोधन केंद्राने नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे उभारलेले विकिरण केंद्र याच कामासाठी ओळखले जाते. या किरणांचा आघात प्रामुख्याने विभाजनक्षम पेशींवर होतो, त्यामुळे असा कांदा खाण्यास योग्य असला तरी या प्रयोगास निरुपयोगी ठरू शकतो. कोंब रोखणे म्हणजे पेशीविभाजन रोखणे, हा धडा त्यातून आपोआप मिळतो. कांदा नसल्यास लसणाच्या पाकळ्याही चालतात. लसणातही गुणसूत्रे १६ च असतात आणि मुळे लवकर फुटतात.

कृती

कांद्याची वाळलेली जुनी मुळे पात्याने खरवडून काढतात आणि पाण्याने भरलेल्या पेल्याच्या तोंडावर कांदा असा ठेवतात की त्याचा केवळ बुडाचा भाग पाण्याला टेकेल. संपूर्ण कांदा बुडवल्यास तो कुजतो. तीन ते सहा दिवसांत दोन-तीन सेंटिमीटर लांबीची पांढरी मुळे येतात. मुळांची टोके सकाळच्या वेळी कापण्याचा प्रघात आहे.

कापलेली टोके ताबडतोब एक भाग ग्लेशियल ॲसिटिक आम्ल आणि तीन भाग अल्कोहोल यांच्या ताज्या मिश्रणात टाकून २४ तास ठेवतात. या क्रियेस स्थिरीकरण म्हणतात. मिश्रणात पडताच पेशी मरतात आणि त्या क्षणी ज्या स्थितीत होत्या त्या स्थितीत थिजतात. शिक्षकाने येथे थांबून विद्यार्थ्यांना हे स्पष्ट सांगणे आवश्यक असते. काचेखाली पेशी 'विभाजित होताना' दिसणार अशी अनेकांची अपेक्षा असते आणि बराच वेळ पाहूनही काही हलत नाही म्हणून ते निराश होतात. स्थिर केलेली मुळे ७० टक्के अल्कोहोलमध्ये पुष्कळ दिवस टिकतात, त्यामुळे पूर्वतयारी आणि प्रत्यक्ष तासिका यांत अंतर ठेवता येते.

तासिकेच्या वेळी एक मूळ काचपट्टीवर घेऊन त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब आणि ॲसिटोकार्मिन या लाल रंजकाचे दोन-तीन थेंब टाकतात. आम्लामुळे पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारे द्रव्य सैल होते. काचपट्टी स्पिरिटच्या दिव्यावरून हलकेच फिरवून ऊब देतात. रंजक उकळू किंवा वाळू देत नाहीत. पाच-दहा मिनिटांनी जास्तीचा रंग टिपकागदाने टिपून घेतात. टोकाचा भाग इतर भागापेक्षा गडद रंगलेला दिसतो, कारण तेथे केंद्रके दाटीने असतात. तेवढाच तुकडा ठेवून उरलेले मूळ काढून टाकतात. पाण्याचा थेंब देऊन त्यावर आच्छादक काच ठेवतात, पेन्सिलीच्या बोथट टोकाने तिच्यावर हलके ठोके देतात आणि अखेर टिपकागदाची घडी वर ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाब देतात. दाब देताना काच तसूभरही सरकू नये. सरकल्यास पेशी गुंडाळल्या जातात आणि सगळा खटाटोप वाया जातो. पेशींचा एकपदरी थर मिळाला, तरच पुढील निरीक्षण शक्य होते.

निरीक्षण

प्रथम कमी वर्धनाच्या वस्तुभिंगातून चौकोनी पेशींचा भाग शोधून नंतर अधिक वर्धनाचे वस्तुभिंग वापरतात. बहुसंख्य पेशींत गोल, एकसारखे रंगलेले केंद्रक दिसते. या आंतरावस्थेतील पेशी होत. पूर्वावस्थेत केंद्रकात सुताच्या गुंडाळ्यासारखे धागे दिसू लागतात. मध्यावस्थेत गुणसूत्रे पेशीच्या मध्यभागी एका पट्ट्यात येतात, पश्चावस्थेत त्यांचे दोन गट विरुद्ध ध्रुवांकडे सरकताना दिसतात आणि अंत्यावस्थेत दोन टोकांना दोन लहान, दाट केंद्रके तयार होत असतात. त्यांच्या मधोमध पेशीपटलाची बारीक रेषा कधीकधी ओळखू येते.

पुस्तकातील आकृती आणि हे दृश्य यांत काही फरक आहेत व ते आधीच सांगितलेले बरे. शालेय पुस्तकांत बहुधा प्राणिपेशीची आकृती दिलेली असते. तिच्यात तारककाय असतात, शेवटी पेशी मध्यभागी खाच पडून दुभंगते. कांद्याच्या पेशीत तारककाय नसतात आणि ताठर पेशीभित्तिकेमुळे खाचही पडत नाही. मधोमध पेशीपटल तयार होऊन ते कडांपर्यंत वाढते. तुर्कतंतू वनस्पतिपेशीतही असतात, परंतु ॲसिटोकार्मिनने ते उठून दिसत नाहीत. प्रयोगवहीत मात्र विद्यार्थी तारककाय व तुर्कतंतू नीटस काढतात, कारण ते पुस्तकात असतात. जे दिसले नाही ते काढलेली आकृती सुबक असली तरी निरीक्षण म्हणून निकामी होय. तिला पूर्ण गुण देण्याची पद्धत प्रयोगाच्या मुळावरच येते.

मोजणी आणि काळाचा अंदाज

समजा, एखाद्या मोठ्या कारखान्याच्या वसतिगृहात निरनिराळ्या पाळ्यांत काम करणारे कामगार राहतात आणि कोणाचीही झोपण्या-उठण्याची वेळ दुसऱ्याशी जुळत नाही. अशा वसतिगृहाचे कोणत्याही क्षणी छायाचित्र घेतले, तर झोपलेले पुष्कळ आणि दात घासणारे थोडे दिसतील. ज्या कामाला अधिक वेळ लागतो, त्या कामात गुंतलेली माणसे छायाचित्रात अधिक सापडतात. मुळाग्रातील पेशींची विभाजने अशीच आपापल्या वेळेने चालतात. म्हणून काचपट्टीवरील प्रत्येक अवस्थेतील पेशींचे प्रमाण त्या अवस्थेला लागणाऱ्या वेळेचे निदर्शक ठरते. याच उदाहरणातून रीतीची अटही कळते. एकाच घंटेवर सगळे उठत-झोपत असतील, तर छायाचित्रावरून कोणत्या कामाला किती वेळ लागतो हे सांगता येणार नाही.

आकडेमोड सोपी आहे. उदाहरणादाखल, ४०० पेशी मोजल्या आणि त्यांपैकी ३६० आंतरावस्थेत, २२ पूर्वावस्थेत, ८ मध्यावस्थेत, ४ पश्चावस्थेत व ६ अंत्यावस्थेत आढळल्या असे धरू. विभाजनातील पेशी ४० म्हणजे १० टक्के झाल्या. या टक्केवारीस विभाजनांक म्हणतात. संपूर्ण चक्रास २४ तास म्हणजे १४४० मिनिटे लागतात असे मानल्यास एका पेशीच्या वाट्यास ३.६ मिनिटे येतात. त्यावरून पूर्वावस्था सुमारे ७९ मिनिटे, मध्यावस्था २९, पश्चावस्था १४ आणि अंत्यावस्था २२ मिनिटे असा अंदाज निघतो. आंतरावस्थेस उरतात २१ तास ३६ मिनिटे. चार आकृत्यांचा धडा शिकलेल्या विद्यार्थ्याला चक्राचा नऊ-दशांश भाग त्या आकृत्यांच्या बाहेर आहे हे येथे प्रथमच आकड्यांत दिसते.

२४ तासांचा आकडा हिशेबाच्या सोयीचा आहे. कांद्याच्या मुळातील चक्राचा खरा कालावधी तापमानाप्रमाणे बदलतो. थंडीत तो लांबतो, उबेत आखडतो. शिवाय मोजलेल्या सर्व पेशी चक्रात असतातच असे नाही. काही विभाजन सोडून वाढीच्या मार्गाला लागलेल्या असतात व त्यांची गणना आंतरावस्थेतच होते. एका पेशीच्या दोन होत असल्याने चक्राच्या आरंभीच्या पेशी शेवटच्या पेशींपेक्षा अधिक असण्याकडेही कल असतो. या मर्यादा उच्च माध्यमिक स्तरावर सांगण्यास हरकत नाही. हुशार विद्यार्थी त्या स्वतःहूनही काढतात.

मोजणीत खरा वाद होतो तो आरंभीच्या पूर्वावस्थेवरून. केंद्रक किंचित खरबरीत दिसू लागले की ती पूर्वावस्था मानायची की नाही? एकाच काचपट्टीवरील दोन विद्यार्थ्यांचे आकडे यामुळे जुळत नाहीत. अशा वेळी 'बरोबर' उत्तर सांगून वाद मिटवण्यापेक्षा मोजणीपूर्वीच वर्गाने एक निकष ठरवावा, उदाहरणार्थ, धागे सुटे ओळखता आले तरच पूर्वावस्था, आणि तो सर्वांनी पाळावा. दुसरी चूक निवडीची असते. विद्यार्थी सुंदर पश्चावस्था असलेले दृष्टिक्षेत्र शोधून तेथूनच मोजणी सुरू करतात आणि त्यामुळे विभाजनांक फुगतो. काचपट्टी एका कडेपासून ओळीने सरकवत, वाटेत येईल ती प्रत्येक पेशी नोंदवणे हा त्यावर उपाय आहे. पश्चावस्थेसारखी अल्पकाळ टिकणारी अवस्था शंभर पेशींत एकदाही न सापडण्याची शक्यता असल्याने सर्व गटांचे आकडे एकत्र करूनच निष्कर्ष काढावेत.

काळजीपूर्वक मोजणीचे महत्त्व दाखवणारे उदाहरण माणसाच्या गुणसूत्रांच्या इतिहासात आहे. थिओफिलस पेंटर यांनी १९२३ मध्ये माणसाची गुणसूत्रे ४८ असल्याचे नोंदवले आणि तीन दशकांहून अधिक काळ तोच आकडा पुस्तकांत छापला जात राहिला. स्वीडनमधील लुंड येथे जो हिन तियो आणि आल्बर्ट लेवान यांनी १९५६ मध्ये तो ४६ असल्याचे दाखवून दिले. हे दोघेही वनस्पतींच्या गुणसूत्रांचे अभ्यासक होते. लेवान यांनी १९३८ मध्येच कांद्याच्या मुळांवर कोल्चिसिनचा परिणाम तपासला होता. पेशी मध्यावस्थेत अडवण्यासाठी कोल्चिसिन वापरणे आणि पेशी दाबून पसरवणे या मुळाग्रावर रुळलेल्या युक्त्या मानवी पेशींना लावल्याने गुणसूत्रे सुटी झाली आणि नीट मोजता आली.

परिभाषेचा प्रश्न

मराठीत या विषयाची परिभाषा एकसारखी नाही. मराठी विश्वकोशात 'कोशिका' हा शब्द आढळतो, शालेय पुस्तकांत 'पेशी' रूढ आहे. सूत्री विभाजनास 'समसूत्री', 'समविभाजन' असेही म्हणतात. अर्धगुणसूत्री विभाजनास 'अर्धसूत्री' किंवा 'न्यूनीकरण विभाजन' म्हटले जाते. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला विद्यार्थी अकरावीच्या विज्ञान शाखेत इंग्रजी संज्ञांना सामोरा जातो, तेव्हा ही गुंतागुंत आणखी वाढते.

मराठी संज्ञांचा एक लाभ असा की पूर्व, मध्य, पश्च आणि अंत्य या उपपदांतच क्रम सांगितलेला आहे. ग्रीक नावे पाठ करणाऱ्याला ही सोय नाही. परंतु या लाभातच एक अडचण दडलेली आहे. कोणत्या अवस्थेत काय घडते हे ठाऊक नसतानाही मराठी विद्यार्थी क्रम अचूक सांगू शकतो आणि त्याला विषय समजला असा परीक्षकाचा समज होतो. नावे न देता पेशींची छायाचित्रे पिसून हाती द्यावीत आणि क्रम लावून प्रत्येक जागेचे कारण विचारावे, म्हणजे आकलनाची खरी कसोटी लागते.

याहून मोठी अडचण 'अर्ध' या शब्दाची आहे. एस टप्प्यात डीएनए दुप्पट झाल्यावर प्रत्येक गुणसूत्राचे गुणसूत्रबिंदूपाशी जोडलेले दोन समान भाग असतात. त्या प्रत्येकास 'अर्धगुणसूत्र' म्हणतात. येथे 'अर्ध' म्हणजे द्विगुणित गुणसूत्राचा अर्धा भाग. 'अर्धगुणसूत्री विभाजन' या संज्ञेत मात्र 'अर्ध' म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी होणे. एकच शब्द दोन अर्थांनी वापरला गेल्याने अर्धगुणसूत्रे वेगळी झाली म्हणजे अर्धगुणसूत्री विभाजन झाले, असा तर्क अनेक विद्यार्थी करतात. शब्दांवर विश्वास ठेवणाऱ्याच्या दृष्टीने तो तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. दोष परिभाषेचा आहे. त्यातच भर म्हणजे अर्धगुणसूत्र हे अपुरे मुळीच नसते. त्यात संपूर्ण माहिती असते आणि पश्चावस्थेत सुटे होताच ते पूर्ण गुणसूत्र म्हणून गणले जाते.

प्रतिकृतींचा वापर

संख्येचा हा घोळ सूक्ष्मदर्शकाने सुटत नाही, त्यासाठी प्रतिकृती लागते. लोकरीचे धागे आणि टिचबटणे हे साहित्य पुरते. एक लांब व एक आखूड अशा दोन जोड्या घेतात, प्रत्येक जोडीतील एक धागा लाल आणि एक निळा, म्हणजे एक मातेकडून व एक पित्याकडून आलेला. एस टप्पा दाखवताना प्रत्येक धाग्याला त्याच रंगाचा, त्याच लांबीचा जोडीदार टिचबटणाने जोडतात. बाकावर खडूने काढलेल्या वर्तुळात हे चारही जोडधागे एका रेषेत मांडले की मध्यावस्था झाली. बटणे उघडून धागे दोन बाजूंना ओढले की पश्चावस्था. मध्यावस्थेत लाल आणि निळा धागा शेजारीशेजारी जोडीने लावण्याची चूक हमखास होते. सूत्री विभाजनात समजात गुणसूत्रे अशी जोडीने येत नाहीत, ते अर्धगुणसूत्री विभाजनाचे लक्षण आहे. ही चूक होऊ द्यावी आणि परिणाम हातांनी तपासू द्यावा, म्हणजे दोन विभाजनांतील भेद पक्का होतो.

या मांडणीवर दोन आकडे वेगवेगळे नोंदवायला सांगितले जातात: गुणसूत्रांची संख्या आणि डीएनएचे प्रमाण. संख्या मोजायची ती गुणसूत्रबिंदूंवरून. कांद्याच्या पेशीत एस टप्प्यापूर्वी गुणसूत्रे १६ असतात. एस टप्प्यानंतर डीएनए दुप्पट होतो, संख्या १६ च राहते. पश्चावस्थेत बिंदू दुभंगताच संख्या ३२ होते, परंतु डीएनएत कणभरही भर पडत नाही. विभाजन पूर्ण झाल्यावर प्रत्येक जन्यपेशीत १६ गुणसूत्रे आणि मूळचे डीएनए-प्रमाण असते. दोन्ही आकडे एकाच वेळी कधीच दुप्पट होत नाहीत, हे धागे हाती धरल्याशिवाय पटणे कठीण जाते.

विभाजन अडवणारी द्रव्ये

तुर्कतंतू सूक्ष्मनलिकांचे बनलेले असतात आणि त्यांची जुळणी रोखणारी द्रव्ये विभाजन थांबवतात. कोल्चिसिन हे अशांपैकी एक होय. पावसाळ्यात महाराष्ट्रातील रानात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात व बियांत ते आढळते. अंगणातील सदाफुलीपासून मिळणारी व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही द्रव्ये याच रीतीने काम करतात आणि ती कर्करोगावरील औषधे म्हणून वापरली जातात. कर्करोगात पेशीचक्रावरील नियंत्रण सुटलेले असते. हे नियंत्रण कसे चालते याच्या संशोधनासाठी लेलँड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स यांना २००१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या औषधांचा आघात केसांच्या मुळांसारख्या वेगाने विभाजित होणाऱ्या निरोगी पेशींवरही होतो. उपचारात केस का गळतात हा प्रश्न वर्गात बहुधा कोणीतरी विचारतोच आणि कधीकधी तो घरातल्या कोणाच्या आजारातून आलेला असतो.

कोल्चिसिन अत्यंत विषारी असल्याने शालेय प्रयोगात ते वापरत नाहीत आणि कळलावीचा कंद विद्यार्थ्यांच्या हाती देणे धोक्याचे आहे. त्याऐवजी कांद्याची मुळे निरनिराळ्या पाण्यांत, उदाहरणार्थ नळाच्या, ओढ्याच्या किंवा साबणाच्या पाण्यात, वाढवून त्यांची लांबी आणि विभाजनांक यांची तुलना करता येते. पाण्यातील घातक द्रव्ये तपासण्यासाठी संशोधनातही कांद्याची मुळे याच रीतीने उपयोगात आणली जातात. स्थिरीकरणाचे मिश्रण व रंजक यांतील ॲसिटिक आम्ल त्वचेस दाहक असून अल्कोहोल ज्वालाग्राही आहे. मिश्रण शिक्षकाने स्वतः करावे आणि स्पिरिटचा दिवा त्याच्यापासून दूर ठेवावा.

अर्धगुणसूत्री विभाजनासाठी पर्याय

मुळाग्रात फक्त सूत्री विभाजन होते. अर्धगुणसूत्री विभाजन पाहण्यासाठी कांद्याच्याच फुलोऱ्यातील कोवळ्या कळ्यांचे परागकोश घेतात व तसेच रंगवून दाबतात. कळी योग्य वयाची असावी लागते. मोठ्या कळीत परागकण तयार होऊन गेलेले असतात, तर फार लहान कळीत विभाजन सुरूच झालेले नसते. एकाच फुलोऱ्यात सर्व वयांच्या कळ्या असल्याने लहानापासून मोठ्याकडे क्रमाने तपासत गेल्यास योग्य कळी सापडते. तयार काचपट्ट्यांचा पर्यायही उपलब्ध असतो.